ऑडिटरची सही झाली, आता माझी मागताहेत

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका पतसंस्थेत यंदा मी संचालक झालोय. निवडून आलो असं म्हणायची लाज वाटते. गल्लीतल्यांनी 'तू बी.ए. झालायस, तूच उभा राहा' म्हणून अर्ज भरायला लावला आणि समोरच्यानं अर्ज मागं घेतला. माझा काजूचा लहानसा कारखाना आहे. हिशोब मला कळतो तो एवढाच: इतकी पोती आली, इतका गर निघाला, इतके पैसे झाले.

सर्वसाधारण सभा तोंडावर आलीय. परवा सेक्रेटरींनी ताळेबंद पुढ्यात ठेवला. "ऑडिटरची सही झालीय, तुम्ही फक्त इथं करा." बाकी दहा जणांनी केली. मी चष्मा विसरलो म्हणून कागद घरी घेऊन आलो. चष्मा खिशातच होता.

संस्थेचं नाव विचारू नका. आकडे असे आहेत. ठेवी ३ कोटी ८५ लाख, कर्जे ३ कोटी ४० लाख. येणे व्याज ५२ लाख, मागल्या वर्षी ते ३१ लाख होतं. थकव्याज तरतूद, म्हणजे बुडू शकणाऱ्या व्याजासाठी काढून ठेवलेले, ४ लाख. हातशिल्लक ६ लाख ४८ हजार. निव्वळ नफा ७ लाख १० हजार आणि लाभांश १२ टक्के सुचवलाय.

या कागदात बघायचं काय? आणि ऑडिटरनं सही केल्यावर उद्या काही निघालं तर ते कुणाच्या गळ्यात?

खतावणी_अण्णा

रविवार पेठेत एका कडधान्याच्या पेढीवर ३८ वर्षं वह्या लिहिल्या मी. शिक्षण एस.एस.सी. तेव्हा माझ्याकडनं कायदा नको, वहीपुरतं सांगतो.

आधी नावे-जमा. लोक इथंच अडकतात, कारण बँकेच्या पासबुकात जे 'जमा' दिसतं ते आपल्या वहीत 'नावे' असतं. बँक तिच्या वहीत लिहिते की या माणसानं आम्हाला पैसे दिले, आम्ही त्याचे देणेकरी. आपण आपल्या वहीत लिहितो की पैसे बँकेकडे गेले, बँक आपली देणेकरी. व्यवहार एक, वह्या दोन, बाजू उलट्या. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याचे जमा. वस्तू आली की नावे, गेली की जमा. खर्च-तोटा नावे, उत्पन्न-नफा जमा. एवढं पाठ असलं तर खतावणी, म्हणजे ज्याच्या त्याच्या खात्यात नोंद, होते.

त्यात आपल्या देशी नाम्यात जमेची बाजू डावीकडे आणि नावे उजवीकडे. इंग्रजी पद्धतीत बरोबर उलटं. आमच्या पेढीवर कॉलेजातनं शिकून आलेला पोरगा पहिल्या दिवशी कीर्द, म्हणजे रोजच्या व्यवहारांची वही, बघून म्हणाला, "काका, तुमची वही आरशात बघून लिहिलीय काय?" पंधरा दिवसांत वळणावर आला.

प्रत्येक व्यवहाराला दोन पाय असतात, म्हणून तेरीज, म्हणजे नावे-जमा बेरजांचा ताळा, जुळते. पण मलप्रभाकाठ, तेरीज जुळली म्हणजे हिशोब खरा, असं कुणी सांगितलं तर त्याच्यापासून चार हात लांब राहा. दोन्ही बाजूंना तेवढंच खोटं लिहिलं तरी तेरीज जुळतेच. रमेशच्या खात्यावर टाकायचे ते सुरेशच्या टाकले तरी जुळते. इटलीतल्या लुका पाचोली नावाच्या साधूनं १४९४ मध्ये व्हेनिसला ही दुहेरी पद्धत पुस्तकात छापली. व्यापारी त्याआधीपासून ती वापरत होतेच. म्हणजे पाचशे वर्षं वह्या जुळताहेत आणि पाचशे वर्षं लोक जुळलेल्या वह्यांनी फसताहेत.

आता तुझ्या कागदातलं येणे व्याज. ते ५२ लाख पैसे नव्हेत. ते 'येणार' आहेत. कधी, ते वहीला माहीत नसतं.

निपाणीकर

अण्णांना नमस्कार. मी तंबाखूतला. आमच्याकडं उलट रोग. पैसे येतात, पण वखारीतल्या मालाची किंमत काय धरायची यावर भावाभावांत भांडणं.

नियम सोपा आहे. ३१ मार्चला शिल्लक माल खरेदीच्या किमतीनं किंवा विकून खर्च वजा जाता जे हातात पडेल त्यानं, यातलं जे कमी ते. समजा शंभरनं घेतला आणि आज बाजारात दीडशे, तरी वहीत शंभरच. आज ऐंशी झाला तर ऐंशी. माझे वडील म्हणायचे, तोटा दिसला की लिहावा, नफा खिशात पडला की लिहावा. पुढं मुलगा बी.कॉम.ला गेला तेव्हा कळलं की याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात आणि त्यावर परीक्षेत प्रश्न येतो.

आणि तंबाखू वाळतो. हजार किलो ठेवला तर हजार किलो निघत नाही. तूट धरावीच लागते. एका वर्षी आमच्या नव्या दिवाणजीनं तूट धरलीच नाही. कागदावर माल जास्त, नफा जास्त, त्यावर आयकर भरला. वाऱ्यावर उडालेल्या वजनावर कर!

तुमच्या संस्थेचा माल म्हणजे कर्ज. तेही वाळतं. तूट धरलीय का बघा.

वडगावचा_माग

हे सगळं खरं असेल, पण मला साधं विचारायचंय. हे सगळं आपणच बघायचं तर ऑडिटरला पैसे कशाला देतोय? माझ्या बाजूच्या गल्लीतली एक संस्था बुडाली. दरवर्षी ऑडिट वर्ग 'अ', म्हणजे सगळ्यात वरचा. फलकावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं. माझ्या आईचे दीड लाख अडकलेत. विचारायला गेलं की सगळे एकमेकांकडं बोट करूलायत. चेअरमन म्हणतो ऑडिटर, ऑडिटर म्हणतो मॅनेजर, मॅनेजर घराला कुलूप लावून गेलाय.

सही_शिक्का

मी टिळकवाडीत सीए म्हणून काम करते. वडगावकर दादांचा राग समजतो. आधी मलप्रभाकाठ यांच्या आकड्यांकडे वळते, कारण त्यातच दादांच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे.

३ कोटी ४० लाख कर्ज आहे. व्याजदर सरासरी १४ टक्के धरा. वर्षाचं व्याज साधारण ४७ ते ४८ लाख होतं. तुमचं येणे व्याज ५२ लाख आहे. म्हणजे अख्ख्या वर्षाच्या व्याजापेक्षा जास्त रक्कम वसूल व्हायची राहिलीय. आता दोन वर्षांतला फरक बघा: ५२ वजा ३१, म्हणजे २१ लाख. हे २१ लाख या वर्षी उत्पन्न म्हणून नफा-तोटा पत्रकात गेलेत, हातात आलेले नाहीत. नफा दाखवलाय ७ लाख १० हजार. ते २१ लाख बाजूला काढले तर जवळजवळ १४ लाखांचा तोटा उरतो. लाभांश मात्र रोख द्यायचा. कुठून? ठेवीदारांच्या पैशातून.

यात उपार्जनाचं तत्त्व चुकीचं नाही. व्याज आकारलं गेलं की ते उत्पन्न, पैसे कधी का येईनात. जगभर असंच लिहितात. पण त्याच्या जोडीला निपाणीकरांच्या वडिलांची सावधगिरी लागते. जे येण्याची शक्यता धूसर, त्याची तरतूद करायची. ५२ लाखांवर ४ लाखांची तरतूद कशाच्या आधारावर केली, हा तुमचा पहिला प्रश्न. कर्जांची थकबाकीची यादी मागा, किती महिन्यांची थकबाकी ते तारखेनिशी. आणि मार्च महिन्यात किती कर्जांचं 'नवं-जुनं' झालं ते पाहा. जुनं कर्ज व्याजासह फिटलं असं दाखवून त्याच दिवशी त्याच माणसाला मोठं नवं कर्ज दिलं असेल, तर फिटलं काहीच नाही, कागद तेवढा ताजा झाला. हे ताळेबंदात दिसत नाही, कर्जखात्यात आणि कीर्दीत दिसतं.

आता ऑडिटर.

आम्ही 'हिशोब बरोबर आहे' असं प्रमाणपत्र देत नाही. 'आर्थिक स्थितीचं खरं व वाजवी चित्र दिसतं' असं मत देतो. नमुने तपासून, वाजवी खात्री मिळवून. पूर्ण हमी नव्हे. गफलत रोखण्याची आणि पकडण्याची पहिली जबाबदारी संचालक मंडळाची आणि व्यवस्थापनाची, हे आमच्या लेखापरीक्षण मानक २४० मध्येच लिहिलंय. लोकांना हे पळवाट वाटतं. थोडीफार आहेही, कबूल करते. पण पूर्ण नाही.

१८९६ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयात किंग्स्टन कॉटन मिलचा खटला झाला. मिलच्या मॅनेजरनं सूत-कापसाचा साठा वर्षानुवर्षं फुगवून दाखवला, ऑडिटरांनी त्याचा दाखला घेऊन ताळेबंदात घातला. नफा नसताना लाभांश वाटला गेला. न्यायमूर्ती लोप्स म्हणाले, ऑडिटर हा राखणदार कुत्रा आहे, माग काढणारा शिकारी कुत्रा नव्हे. ऑडिटर सुटले. आमच्या व्यवसायात हे वाक्य इतकं लाडकं आहे की काही जणांनी ते कपाळावर गोंदवायचं तेवढं बाकी ठेवलंय.

वडगावचा_माग

सुताचा साठा फुगवणं मला शिकवू नका ताई, बिमं, म्हणजे मागावरचे सुताचे रूळ, मोजायला आलेल्या माणसाला आम्ही चहाला बसवून पुढची मागची बिमं दोनदा मोजायला लावलेली आहेत. तरुणपणी. आता नाही.

पण राखणदार कुत्रा म्हणताय तर निदान भुंकायला तरी पाहिजे ना?

सही_शिक्का

बरोबर पकडलंत. भुंकणं बंधनकारक आहे. त्याच कायद्याच्या ओघात पुढचे निकाल कडक होत गेले.

१९०४ चा लंडन ऑइल स्टोरेजचा खटला घ्या. किरकोळ रोकड वहीत ७९६ पौंड होती, पेटीत प्रत्यक्षात ३० पौंड. ऑडिटरनं वही बघितली, पेटी उघडली नाही. निष्काळजीपणा ठरला. भरपाई मात्र फक्त पाच गिनी, म्हणजे सव्वापाच पौंड, कारण संचालकांनीही पेटी कधी उघडली नव्हती. मलप्रभाकाठ, हे शेवटचं वाक्य तुमच्यासाठी.

१९६७ मध्ये थॉमस जेरार्ड कंपनीच्या प्रकरणात बिलांवरच्या तारखा खाडाखोड करून बदललेल्या होत्या. ऑडिटरांना खाडाखोड दिसली होती. त्यांनी साहेबांना विचारलं, साहेबांनी काहीतरी सांगितलं, यांनी मान डोलावली. न्यायालय म्हणालं, संशयाची जागा दिसल्यावर खोलात जायलाच हवं होतं. म्हणजे शिकारी कुत्रा नसलात तरी रक्त दिसल्यावर डोळे मिटता येत नाहीत.

आणि आपल्याकडचं सत्यम, हैदराबादची संगणक कंपनी. ७ जानेवारी २००९ ला अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कबुली दिली. ताळेबंदातली ५,०४० कोटींची रोख व बँक शिल्लक अस्तित्वातच नव्हती. बँकेतल्या शिल्लकीची खात्री ऑडिटरनं थेट बँकेकडून करायची असते, कंपनीनं आणून दिलेल्या कागदावरून नव्हे. मानक ५०५ तेच सांगतं. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयानं दहा जणांना शिक्षा सुनावली, त्यांत दोन ऑडिटर होते. पुढं प्रकरण अपिलात गेलं.

सत्यमनंतर आलेल्या कंपनी कायदा २०१३ नं बराच फास आवळला. कलम १४३(१२) म्हणतं, कंपनीच्या अधिकाऱ्यानं वा नोकरानं १ कोटी किंवा त्याहून जास्त रकमेची लबाडी केल्याचं ऑडिटरच्या ध्यानात आलं तर केंद्र सरकारला कळवायचं. आधी दोन दिवसांत संचालक मंडळाला किंवा लेखापरीक्षण समितीला, त्यांच्या उत्तरासाठी ४५ दिवस, मग १५ दिवसांत सरकारला. कमी रकमेची असेल तर मंडळाला, आणि ती संचालकांच्या अहवालात छापायची. कलम १४७ मध्ये ऑडिटरला दंड आहे आणि जाणूनबुजून फसवलं असेल तर एक वर्षापर्यंत कैद. कलम १४४ प्रमाणे ज्या कंपनीचं ऑडिट करायचं तिच्या वह्या लिहायच्या नाहीत. लिहिणारा आणि तपासणारा एकच असला तर तपासणी कसली? १ ऑक्टोबर २०१८ पासून मोठ्या कंपन्यांच्या ऑडिटरांवर नजर ठेवायला राष्ट्रीय वित्तीय अहवाल प्राधिकरणही आहे.

पण हे सगळं कंपन्यांना. पतसंस्था कंपनी नव्हे.

चंदगडी

सीमेपलीकडून रामराम. आमच्याकडं महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा १९६०. त्याच्या कलम ८१ मध्ये अशी सोय आहे की ऑडिटरला अपहार दिसला तर त्यानं रजिस्ट्रारना विशेष अहवाल द्यायचा आणि त्यांची लेखी परवानगी घेऊन स्वतः पोलिसांत फिर्याद द्यायची. शिवाय ऑडिटमध्ये निघालेल्या दोषांचा दोषदुरुस्ती अहवाल संस्थेनं द्यायचा. तुमच्याकडं आहे का असं काही? नसणारच. महाराष्ट्रात असतात तर

निपाणीकर

झालं सुरू.

चावडी_व्यवस्थापक

सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, त्याची ४१२ पानं झालीत, तिथं जागा भरपूर आहे. इथं वह्यांवर बोला.

सही_शिक्का

चंदगडींचा मुद्दा कामाचा आहे, कारण आपल्या भागात एकाच गल्लीत तीन कायद्यांच्या संस्था असतात आणि ठेव ठेवणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

काही कर्नाटक सहकारी संस्था कायदा १९५९ खाली नोंदलेल्या. त्यांचं ऑडिट कलम ६३ प्रमाणे. काही सौहार्द सहकारी, त्यांचा कर्नाटकचाच वेगळा कायदा, १९९७ चा. आणि ज्यांच्या शाखा निपाणीतही आणि कागलमध्येही, त्या मल्टिस्टेट, म्हणजे २००२ चा केंद्राचा कायदा आणि निबंधक थेट दिल्लीत. तक्रार कुणाकडं करायची हे यावर ठरतं. पावतीवर आणि पाटीवर नोंदणी क्रमांकासोबत कायद्याचं नाव असतं, तेवढं वाचा.

तिन्हींत एक गोष्ट सारखी: पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा नाही. बँकेत, अगदी सहकारी बँकेतसुद्धा, प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्था बँक नव्हे. वडगावकर दादा, हे आईंना कुणी ठेव ठेवताना सांगितलं नसणार.

आता मलप्रभाकाठ यांचा दुसरा प्रश्न, गळ्यात कुणाच्या. १९५९ च्या कायद्यात कलम ६४ खाली चौकशी होते आणि कलम ६९ खाली अधिभार बसतो. कारभार पाहणाऱ्यांच्या गैरकारभारामुळं किंवा निष्काळजीपणामुळं संस्थेचं नुकसान झालं तर ते त्यांच्याकडून वैयक्तिक वसूल. 'मला कळत नव्हतं, दहा जणांनी केली म्हणून मीही केली' हा तिथं बचाव होत नाही.

ऑडिटर चुकला तर तोही सुटत नाही. सनदी लेखापाल कायदा १९४९ च्या दुसऱ्या परिशिष्टात स्पष्ट आहे. माहीत असलेली महत्त्वाची गोष्ट अहवालात न सांगणं, मोठं चुकीचं विधान न दाखवणं, पुरेशी काळजी न घेणं, पुरेशी माहिती न मिळवताच मत देणं, हे सगळं व्यावसायिक गैरवर्तन. सनदी लेखापाल संस्थेच्या शिस्तपालन विभागाकडं कोणीही तक्रार करू शकतं आणि नाव पटावरून कमी होऊ शकतं. सही खरी आहे का हे बघायचं तर प्रत्येक अहवालावर आता १८ अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळख क्रमांक, असतो, तो संकेतस्थळावर टाकून तपासता येतो.

एक राहिलं. सही आहे एवढंच बघू नका, सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा. अहवाल चार तऱ्हेचा असू शकतो. निर्मळ. 'अमुक वगळता' असा शेरा असलेला. चित्र खरं नाही असं सरळ सांगणारा. आणि पुरावाच मिळाला नाही म्हणून मत द्यायला नकार देणारा. चारींवर सही सारखीच दिसते.

हलशीवाली

मी आमच्या बायकांच्या बचतगटाची वही लिहिते. शिक्षण सातवी. आमची पेटी तीन कुलपांची, तीन किल्ल्या तिघींकडं. दर आठवड्याला सगळ्यांसमोर पैसे ओतून मोजतो. एकीनं जरी म्हटलं 'राहू दे गं, मागल्या वेळी मोजलेत' तर तिला पाच रुपये दंड.

दादा, तुमच्या संस्थेची पेटी शेवटची कधी मोजली?

मलप्रभाकाठ

अक्का, तुमचा प्रश्न वाचून रात्रभर झोप नाही. आज सकाळी दहाला गेलो. शाखा उघडली तशी म्हटलं, पेटी मोजू या. कॅशियरनं सेक्रेटरींकडं बघितलं, सेक्रेटरींनी पंख्याकडं.

आजच्या कीर्दीत सुरुवातीची शिल्लक ५ लाख ९० हजार. नोटा मोजल्या: ३ लाख ५५ हजार. बाकीचे २ लाख ३५ हजार? पेटीच्या तळाला रबरबँड लावलेल्या चिठ्ठ्या. 'तसलमात' (म्हणजे कामासाठी आगाऊ उचल), 'हातउसने', एकीवर नुसतं 'साहेब'. काही चिठ्ठ्या जुन्या इतक्या की शाई पिवळी पडलीय. सेक्रेटरी म्हणाले, "हे रोकडच धरतात हो, सगळीकडं असंच."

अण्णा, ह्या चिठ्ठ्या रोकड होतात काय?

खतावणी_अण्णा

नाही. चिठ्ठी म्हणजे येणे. रोकड म्हणजे रोकड. आमच्या शेठजींनी मुलीच्या लग्नाचा मांडव गादीच्या पैशातनं बांधला, तरी मी त्याच दिवशी त्यांच्या नावे 'उचल' लिहिली. मालकाचे पैसे मालकाच्याच पेढीतनं, तरी लिहिली. पेढी वेगळी, शेठ वेगळा. वहीचं पहिलं तत्त्व तेच. तुझ्या संस्थेत तर तो मालकही नव्हे.

चिठ्ठी पेटीत ठेवली आणि कीर्दीत खर्ची टाकली नाही, तर ती कुणाच्याच नावे नसते. व्याज नाही, मुदत नाही. हरवली तर पैसेही हरवले.

आमच्याकडं आधी वर्ष दिवाळीला बदलायचं. पाडव्याला नवी वही, 'शुभ-लाभ' लिहून पूजा. पुढं सरकारनं १९८९-९० च्या आकारणी वर्षापासून सगळ्यांना मार्चअखेर केली. पण शेठजींचा रिवाज असा की लक्ष्मीपूजनाला पेटी रिकामी करून ताम्हनात ओतायची आणि लक्ष्मीसमोर मोजायची. तिच्यापुढं चिठ्ठी ठेवायची हिंमत कुणाची होती?

वडगावचा_माग

आता सांगा, हे ऑडिटरला दिसलं नसेल? तीनशे पासष्ट दिवस पेटीत पडलेल्या चिठ्ठ्या?

सही_शिक्का

दिसायला हव्या होत्या. ३१ मार्चची शिल्लक मोजून तिचा दाखला कागदपत्रांत ठेवायचा असतो. त्यानं काय लिहिलं ते बघितल्याशिवाय मी बोलणार नाही. मलप्रभाकाठ, ताळेबंदाबरोबर ऑडिट मेमो असतो, दोषांची यादी. तो मिळाला का तुम्हाला? मागल्या दोन-तीन वर्षांचेही मागा. संचालक म्हणून तुमचा हक्क आहे.

मलप्रभाकाठ

चार दिवसांनी लिहितोय.

मेमो मिळाला. सेक्रेटरींच्या कपाटात होता, फाइलला दोरीची गाठ तशीच. मागल्या तीन वर्षांचे मिळाले. सगळे कन्नडमध्ये. मी मराठी शाळेतला, कन्नड बोलता येतं, बाजारापुरतं वाचता येतं, पण खात्याची भाषा नाही. आमच्या मंडळातल्या अकरांपैकी नीट वाचणारा एकही नाही. कुणी वाचलेच नव्हते.

माझी मुलगी आठवीत आहे. तिला घेऊन बसलो. तिला अक्षर येतं, अर्थ लागत नाही. मला अर्थ थोडा लागतो, अक्षर येत नाही. असं दोघांनी मिळून वाचलं. ती वाचायची, "बरबेकाद बड्डी", मी म्हणायचो, येणे व्याज. "आक्षेपणे", आक्षेप. असं करत रात्रीचे अकरा वाजले.

वडगावकर, ऑडिटरनं लिहिलं होतं. तीनही वर्षं. येणे व्याज वाढतंय, तरतूद अपुरी आहे. हातशिल्लकीत चिठ्ठ्या आहेत, त्या वसूल कराव्यात किंवा त्या-त्या माणसाच्या नावे टाकाव्यात. मार्चमध्ये नऊ कर्जांचं नवं-जुनं झालंय, खाते क्रमांकांसह. मागल्या वर्षीच्या आक्षेपांची पूर्तता झालेली नाही, असंही. तीन वर्षं तेच वाक्य, फक्त आकडे मोठे होत गेलेले.

वडगावचा_माग

मग तुमच्याही संस्थेला वर्ग 'अ' कसा दिला?

मलप्रभाकाठ

'अ' नाही. तीन वर्षांपूर्वी 'ब', आता 'क'. आमच्या फलकावर 'अ' आहे, पण तो फलक जुना. बदलला नाही.

वडगावचा_माग

आमच्याकडंही फलकच बघितला होता आम्ही. मेमो कुणी बघितला नव्हता. आईला सांगत नाही हे.

सही_शिक्का

म्हणजे ऑडिटरनं आपलं काम बऱ्यापैकी केलं होतं. तरी माझी एक तक्रार राहतेच. तरतूद इतकी अपुरी असताना मेमोत बारीक अक्षरात लिहायचं आणि मुख्य अहवालात नुसतं 'मेमोतील शेऱ्यांच्या अधीन राहून' म्हणून सही करायची, ही आमच्या लोकांची जुनी सवय. नफ्याचा तोटा होत असेल तर ते पहिल्या पानावर, रकमेसह सांगायला हवं.

आता सही करण्याआधी तुम्ही एवढं करा. तुमचं मत पत्रानं कळवा, पोच घ्या. मंडळाच्या बैठकीत तरतूद वाढवण्याचा आणि लाभांश न देण्याचा मुद्दा मांडा. ऐकलं नाही तर विरोध प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, नावानिशी लिहून घ्या. तोंडी विरोध कलम ६९ च्या चौकशीत दिसत नाही.

निपाणीकर

आणि ते लिहून झाल्यावर पान स्वतः वाचा. 'चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर' असं लिहायची सेक्रेटरी लोकांच्या हाताला सवय असते. हात आपोआप चालतो.

मलप्रभाकाठ

काल बैठक झाली. तीन तास. चेअरमन म्हणाले, लाभांश दिला नाही तर लोक ठेवी काढायला येतील. हे खोटं नाही, मलाही भीती वाटली. गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ मध्ये देशातली पहिली शेती पतसंस्था निघाली, त्या मुलखाच्या शेजारी राहतो आपण, असं भाषणही झालं त्यांचं. टाळ्या पडल्या.

शेवटी तरतूद ४ लाखांची १९ लाख करायचं ठरलं. म्हणजे १५ लाख खर्ची, सात लाखांचा नफा जाऊन आठेक लाखांचा तोटा. त्यामुळं लाभांश आपोआप गेला. ऑडिटरकडं सुधारित ताळेबंद जाणार. ताई म्हणतात तेवढी तरतूद नाही झाली, माझा विरोध तेवढ्यापुरता लिहून घेतला. पान वाचलं. 'सर्वानुमते' लिहिलंच होतं, खोडून घेतलं, खाडाखोडीवर चेअरमनची सही घेतली.

चिठ्ठ्यांना पंधरा दिवसांची मुदत. नाहीतर ज्याच्या त्याच्या नावे, व्याजासह.

हलशीवाली

आणि पेटी?

मलप्रभाकाठ

दर शनिवारी दोन संचालक मोजणार. या शनिवारी माझी पाळी.

खतावणी_अण्णा

सगळं लिहिलंस, पण चिठ्ठ्या कुणाकुणाच्या ते नाही लिहिलंस. नावं नको. पण तुला कळलं असेलच.

मलप्रभाकाठ

अण्णा, सगळ्यात जुनी, पिवळी पडलेली, चाळीस हजारांची, ती आमच्या सख्ख्या मामांची. मलाच उभं करायला तेच पुढं होते. सोमवारी भरतो म्हणालेत.

खतावणी_अण्णा

कुठल्या सोमवारी ते लिहून घे.